मराठवाड्याचा आकडा कोण मोजणार? ना-नफा अर्थसंशोधन संस्थेचं काम समजून घेताना

सप्टेंबर संपत आला की मराठवाड्यातल्या गावागावांत पैसेवारीची, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाची, चर्चा सुरू होते. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग वर्षअखेरीला अंतिम. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लागली तर शेतसाऱ्यात सूट, कर्जाचं पुनर्गठन, वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी यांचा रस्ता मोकळा होतो. एक्कावन्न लागली तर नाही. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ जाहीर करण्याचे निकष बदलले. पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती असे निर्देशांक आले. पण शिवारात जे झालं ते कागदावर कसं मोजलं गेलं, यावरच आजही मदत ठरते.

मग हे मोजमाप बरोबर आहे का, हे तपासायचं कुणी? मदत ज्यांनी द्यायची ते सरकारच मोजतं. विमा कंपनीचा पैसा त्या आकड्यात अडकलेला असतो आणि शेतकऱ्याचाही. या आकड्यात ज्याचं काही देणं-घेणं नाही, पण ज्याला मोजता नीट येतं, असं कुणीतरी मध्ये लागतं. ना-नफा अर्थसंशोधन संस्था ही ती जागा भरण्यासाठी असते. तिचं काम आपल्यापर्यंत पोहोचतं ते बातमीतल्या ‘एका अभ्यासानुसार’ एवढ्याच शब्दांत. तो अभ्यास कुणी केला, कसा केला, पैसा कुणाचा होता, हे क्वचितच कळतं. मराठवाड्याच्या दृष्टीने हे कळणं फार गरजेचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

ना-नफा म्हणजे फुकट काम करणारी किंवा तोट्यात चालणारी संस्था, असा एक समज आहे. तसं नसतं. तिथल्या लोकांना पगार मिळतो, वर्षाच्या शेवटी रक्कम शिल्लकही पडू शकते. फक्त ती शिल्लक कुणी वाटून घेऊ शकत नाही, ती कामातच परत घालावी लागते. आपल्याकडे अशी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, सार्वजनिक न्यास म्हणून किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली उभी राहते.

सरकारचं अर्थ व सांख्यिकी संचालनालयही आकडे गोळा करतंच. राज्याची आर्थिक पाहणी आणि प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन त्यांच्याकडून येतं आणि ते अतिशय उपयोगाचं असतं. पण काय मोजायचं हे तिथे सरकार ठरवतं. सल्लागार कंपनीचा अहवाल तिला पैसे देणाऱ्याच्या मालकीचा असतो. तो पटला नाही तर कपाटात जातो. चळवळीतल्या संघटनेने बाजू आधीच घेतलेली असते, आणि ती घ्यायलाही हवी. संशोधन संस्थेला प्रश्न कुणीही दिलेला असो, उत्तर जे येईल ते आणि ते कसं आलं हेसुद्धा तिने जाहीर करायचं असतं.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहरात घरोघरी जाऊन कुटुंबांची पाहणी केली. कोण काय काम करतं, किती कमावतं, कसं राहतं, हे लोकांकडूनच लिहून घेतलं. हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्यानंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

अमेरिकेतली नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च ही संस्था त्याच्या दहा वर्षं आधीची, १९२० सालची. १९२९ नंतर तिथे महामंदी आली तेव्हा देशाचं उत्पन्न नेमकं किती घटलं, याचा धड हिशेब कुणाकडे नव्हता. या ब्युरोतल्या सायमन कुझनेट्स यांनी तो मांडला. १९३४ साली त्यांचा अहवाल तिथल्या सिनेटपुढे गेला आणि तीन वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न जवळपास निम्म्यावर आल्याचं त्यातून दिसलं. आज बातम्यांत रोज ऐकू येणाऱ्या जीडीपीच्या हिशेबाची मुळं या कामात आहेत. या ब्युरोचा एक कडक नियम आहे: सरकारने काय करावं याची शिफारस तिच्या प्रकाशनात करायची नाही. काय घडलं आणि का घडलं, इतकंच सांगायचं. आपल्याकडच्या संस्था तेवढं सोवळं पाळत नाहीत आणि माझ्या मते पाळूही नये. दुष्काळी गावांचा अभ्यास करून उपायाबद्दल गप्प बसणं इथे परवडणारं नाही. निष्कर्ष कुठे संपतो आणि मत कुठे सुरू होतं, एवढं मात्र वाचणाऱ्याला स्पष्ट दिसलं पाहिजे.

अनुशेषाचा हिशेब

मराठवाड्यात ‘अनुशेष’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९५३ च्या नागपूर कराराने समतोल विकासाचा शब्द दिला होता. तो पाळला गेला नाही ही भावना १९७० च्या दशकात विकास आंदोलनाच्या रूपाने रस्त्यावर आली. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने ही मागणी लावून धरली. पण ‘आमच्यावर अन्याय झाला’ या वाक्याला ‘आम्ही बरंच केलं’ हे उत्तर कधीही देता येतं. त्या उत्तराला अडवायला आकडा लागतो.

तो आकडा १९८४ साली आला. राज्य सरकारने आदल्या वर्षी सत्यशोधन समिती नेमली होती आणि तिचे अध्यक्ष होते वि. म. दांडेकर, गोखले संस्थेचं नेतृत्व अनेक वर्षं केलेले अर्थशास्त्रज्ञ. समिती सरकारची, पण मोजायची शिस्त संशोधन संस्थेत घडलेली. पद्धत समजायला सोपी आहे. रस्ते, सिंचन, गावांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येकात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती खर्च येईल ते मांडलं. हा खर्च म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष. राज्याची बेरीज आली सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी.

यावर जोरदार वाद झाले. समितीने विभागाऐवजी जिल्हा हे एकक धरलं होतं. त्यामुळे विदर्भ-मराठवाडा सोडून उरलेल्या महाराष्ट्राचाही सुमारे १,१८९ कोटींचा अनुशेष निघाला, म्हणजे मराठवाड्यापेक्षा जास्त. इथल्या लोकांना हे झोंबलं. सरकारने अहवाल औपचारिकरीत्या स्वीकारलाही नाही. तरी पुढची कित्येक वर्षं निधीवाटपाचं भांडण याच आकड्यांच्या आधाराने लढलं गेलं, कारण पद्धत उघड होती. ‘जिल्ह्याऐवजी विभाग धरा’ असं म्हणायला तरी आधी कुणीतरी जिल्हा धरून हिशेब करून दाखवावा लागतो. चांगल्या संशोधनाची खूण मला इथे दिसते: त्याच्याशी भांडता येतं, आणि भांडण पुढच्या मोजणीकडे नेता येतं.

ती मोजणी पुढे झालीही. निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून हिशेब केला, तेव्हा राज्याचा अनुशेष सुमारे १४,००७ कोटी आणि मराठवाड्याचा सुमारे ४,००५ कोटी निघाला. म्हणजे मराठवाड्याचा आकडा दहा वर्षांत पाचपटीहून जास्त झाला. इथे वाचणाऱ्याने सावध राहायला हवं. यातला काही भाग महागाईचा आहे, कारण तोच कालवा खोदायला १९९४ मध्ये कितीतरी जास्त पैसे लागत होते. काही भाग सरासरीचा आहे: पुढे गेलेले जिल्हे आणखी पुढे गेले की सरासरीच वर सरकते आणि मागच्याचं अंतर वाढतं. उरलेला भाग खऱ्या दुर्लक्षाचा. हे तीन वेगळे करून सांगणं हे संशोधन संस्थेचं काम. सभेतल्या भाषणात तिन्ही एकत्रच येतात.

बंद घराचं काय करायचं

संस्थेचा बराचसा वेळ आणि पैसा पाहणीत जातो आणि पाहणीतली चूक बाहेरच्याला सहसा दिसत नाही. प्रत्येक घरात जाणं शक्य नसतं, म्हणून काही घरं निवडतात. शितावरून भाताची परीक्षा हेच तत्त्व, पण शीत कुठून उचललं याला सगळं महत्त्व.

बीड जिल्ह्यातलं डोंगरपट्ट्यातलं एखादं गाव घ्या, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागातलं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. पाहणी करणारा जानेवारीत गावात पोहोचतो. यादीतल्या घराला कुलूप. त्याला दिलेल्या सूचनेत लिहिलेलं असतं: घर बंद असल्यास शेजारचं घर घ्या. तो शेजारी जातो. शेजारचं घर उघडं आहे, कारण त्या घरात विहिरीला पाणी आहे, किंवा कुणाला नोकरी आहे, किंवा किराणा दुकान आहे. असं दहा-बारा ठिकाणी झालं की गाव कागदावर सुखवस्तू होतं. यात कुणीच खोटं बोललेलं नसतं. सर्वांत गरीब माणूस फक्त मोजणीतून गळलेला असतो.

नीट काम करणारी संस्था आधी गावातल्या सगळ्या घरांची यादी करते, बंद घरांचीही. मग निवडलेल्या बंद घरासाठी हंगाम संपल्यावर पुन्हा येते किंवा कारखान्याच्या परिसरात कोप्यांवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जाऊन त्याच कुटुंबाला गाठते. खर्च वाढतो, वेळ लागतो. घाईत उरकलेली पाहणी हा खर्च टाळते, म्हणून तिचा निष्कर्ष मराठवाड्याच्या बाबतीत हमखास चुकतो.

प्रश्न विचारण्यातही असंच. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि मुकादमाकडून येणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा पुरुषाच्या हातात पडते. ‘घरात कमावतं कोण?’ असं विचारलं तर एकच नाव सांगितलं जातं. त्याऐवजी पहाटे किती वाजता उठलात, ऊस कुणी तोडला, मोळ्या कुणी बांधल्या, डोक्यावरून गाडीपर्यंत कुणी नेल्या, असं दिवसाचं काम क्रमाने विचारलं की बाईची मजुरी पहिल्यांदा कागदावर उमटते. कर्जाचंही तसंच आहे. ‘कर्ज किती?’ या प्रश्नाला लोक बँकेचा आकडा सांगतात. उचल, सावकार, बचत गट, मायक्रोफायनान्स, गहाण ठेवलेलं सोनं हे एकेक करून विचारावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ज्या बाईचं कामच मोजलं जात नाही, तिच्या दुखण्याची नोंद वेळेवर कुठून होणार?

योजनेमुळे झालं की पावसामुळे

पाहणीनंतरचं अवघड काम म्हणजे कारण शोधणं. जलयुक्त शिवार ही राज्य सरकारची जलसंधारणाची योजना डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. २०१४ आणि २०१५ दोन्ही वर्षं दुष्काळी गेली, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि त्या पावसाळ्यात मराठवाड्यात चांगला पाऊस झाला. विहिरींची पातळी वाढली. मग ती योजनेतल्या नाला खोलीकरणाने वाढली की पावसाने? एकाच गावाचं ‘आधी’ आणि ‘नंतर’ बघून हे सांगता येत नाही. तसाच पाऊस पडलेली, तशीच जमीन असलेली, पण काम न झालेली गावं शेजारी ठेवून बघावी लागतात. शिवाय योजनेत उत्साहाने पुढे येणारं गाव मुळातच एकीचं असू शकतं, तोही फरक वजा करावा लागतो. हे केल्याशिवाय योजनेचं कौतुक किंवा निंदा दोन्ही कच्चं.

पीक विम्याच्या बाबतीत तर साध्या गणितातून मोठा प्रश्न उघडा पडतो. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनाच्या घटीवर भरपाई ठरवताना ‘उंबरठा उत्पादन’ काढतात. मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांची सरासरी घ्यायची आणि तिला जोखीम स्तराने, समजा ७० टक्क्यांनी, गुणायचं. महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांचं उत्पादन त्याच्या खाली गेलं तरच भरपाई.

समजा एका मंडळात सोयाबीनचं हेक्टरी उत्पादन सात वर्षांत असं निघालं: ५, १२, ४, ३, ११, १२ आणि ६ क्विंटल. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण क्रम ओळखीचा वाटेल, कारण २०१२ ते २०१८ या सात वर्षांत २०१२, २०१४, २०१५ आणि २०१८ अशी चार वर्षं इथे दुष्काळाची होती. सूत्र दोनच वाईट वर्षं वगळतं. उरलेली दोन सरासरीत शिरतात. चांगली पाच म्हणजे १२, १२, ११, ६ आणि ५, सरासरी ९.२, तिचे ७० टक्के ६.४४ क्विंटल. पुढच्या वर्षी ७ क्विंटल पिकलं तर भरपाई शून्य. दुसऱ्या एखाद्या मंडळात सातांपैकी दोनच वर्षं वाईट आणि बाकी पाच वर्षं १२ क्विंटलची असतील, तर तिथला उंबरठा ८.४ होतो आणि त्याच ७ क्विंटलवर भरपाई मिळते. ज्याला दुष्काळ वारंवार बसतो त्याचं संरक्षण दुष्काळानेच कमी होतं.

विमा कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे: उंबरठा वर नेला तर हप्ता वाढणार, आणि तो शेतकऱ्याने किंवा सरकारने भरायचा. सात वर्षांऐवजी दहा धरली तर काय, दोनऐवजी चार वाईट वर्षं वगळली तर काय, प्रत्येक पर्यायात हप्ता किती वाढेल आणि कोणत्या मंडळाला किती मिळेल, हे मंडळनिहाय मांडून दाखवता येतं. मोर्चा काढणाऱ्यांच्या हातात असा तक्ता असला तर कृषिमंत्र्यांना उत्तर द्यावंच लागेल. तो तयार करायला मोठी यंत्रणा लागत नाही, दोन-तीन तयार अभ्यासक आणि जुन्या पीक कापणी प्रयोगांचे आकडे लागतात.

पैसा कुणाचा

देणगीतून उभारलेला कायम निधी हा सर्वांत सुरक्षित पैसा, कारण त्याच्या व्याजावर चालणाऱ्या संस्थेला रोज कुणाचं तोंड बघावं लागत नाही. त्याशिवाय भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं अनुदान असतं. ही परिषद १९६९ ची, आणि तिचेही पहिले अध्यक्ष गाडगीळच. सरकारी खात्यांचे प्रकल्प, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, देशी-परदेशी प्रतिष्ठानं असे आणखी मार्ग आहेत. धोका सर्वांत जास्त प्रकल्पांच्या पैशात, कारण पुढचा प्रकल्प मिळावा म्हणून या अहवालाची धार बोथट करण्याचा मोह होतो.

तरी पैसा कुणाचा एवढ्यावरून निकाल लावू नये. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्याला अमेरिकेच्या फोर्ड प्रतिष्ठानचा पाठिंबा होता. निष्कर्ष त्यांचे स्वतःचे होते आणि कटू होते: १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक पुरेसा आहारही मिळवू शकत नव्हते. ग्रामीण भागात सार्वजनिक कामं काढून रोजगार द्या, असं त्यांनी सुचवलं. पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ आला, मराठवाड्यातली बायामाणसं खडी फोडायला गेली आणि महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेला सुरुवात झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचं नाव त्या योजनेशी कायमचं जोडलं गेलं.

म्हणून ‘एका अभ्यासानुसार’ असं कुठेही वाचलं तर चार गोष्टी शोधाव्यात. किती घरं घेतली आणि कशी निवडली, कोणत्या महिन्यात गेले, पैसा कुणी दिला, आणि मूळ आकडे दुसऱ्याला तपासायला खुले आहेत का. ज्या अहवालात याची उत्तरं नाहीत, तो कितीही जाडजूड असला तरी त्यावर विसंबू नये.

संस्थेच्या हातात नसलेलंही बरंच आहे. जायकवाडीत वरून किती पाणी सोडायचं हे शेवटी राजकारण आणि न्यायालय ठरवतात. संशोधनाला वेळ लागतो, पेरणी मात्र थांबत नाही.

पण काही कामं फक्त वेळ दिल्यानेच होतात. इक्रिसॅट ही हैदराबादजवळच्या पाटणचेरूची आंतरराष्ट्रीय ना-नफा शेती संशोधन संस्था. तिने १९७५ मध्ये कोरडवाहू भागातली सहा गावं निवडली, प्रत्येक गावात चाळीस कुटुंबं घेतली: भूमिहीन, लहान, मध्यम, मोठे शेतकरी, प्रत्येकी दहा. अन्वेषक गावातच राहायचा आणि दर काही आठवड्यांनी त्याच घरात जाऊन पेरणी, मजुरी, उसनवारी, खर्च लिहून घ्यायचा, वर्षानुवर्षं. पाऊस गेल्यावर कुटुंब आधी काय विकतं, कुणाकडे हात पसरतं, खाण्यात किती कपात करतं, याबद्दल जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी जे लिहिलं त्यातलं बरंच या नोंदींवर उभं आहे. सहा गावांपैकी चार महाराष्ट्रातली आहेत: सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातलं कानझरा आणि किनखेडा. उरलेली दोन त्यावेळच्या आंध्र प्रदेशातली. मराठवाड्यातलं एकही नाही.

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला विद्यापीठं आहेत, परभणीला कृषी विद्यापीठ आहे, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकलेली मुलं दरवर्षी तिथून बाहेर पडतात आणि पुण्याची गाडी धरतात. आठ जिल्ह्यांतलं प्रत्येकी एक गाव, गावात चाळीस घरं, म्हणजे ३२० कुटुंबं. बंद घरांसकट यादी, हंगामात कोप्यांपर्यंत पाठपुरावा, आणि दहा वर्षं खंड न पडता नोंदी. यासाठी लागणारा कायम निधी एखाद्या मध्यम साखर कारखान्याच्या किंवा मोठ्या बाजार समितीच्या आवाक्यातला आहे. काळ्यांनी १९३० साली एक देणगी दिली होती. तसं कुणीतरी इथे पुढे यावं, आणि देताना एकच अट घालावी, की आकडे जे येतील ते सगळे छापायचे.